पवनचक्की आणि परिसराचा कौल

पवनऊर्जा हवी, याबद्दल आज फारसे दुमत उरलेले नाही. मतभेद सुरू होतात ते पवनचक्की नेमकी कुठे उभारायची, या प्रश्नापासून. हा निर्णय राजधानीत व्हावा की गावात? इंग्लंडने गेल्या दशकात या प्रश्नाची दोन्ही टोकांची उत्तरे देऊन पाहिली. त्या अनुभवाचा धांडोळा आपल्यालाही उपयोगी ठरावा.

तेथे २०११च्या ‘लोकॅलिझम’ कायद्याने ग्रामपंचायतीशी साधर्म्य असलेल्या पॅरिश कौन्सिलला, आणि ती नसेल तेथे रहिवाशांच्या मंचाला, आपल्या परिसराचा आराखडा स्वतः तयार करण्याचा अधिकार दिला. स्वतंत्र परीक्षकाची तपासणी आणि सार्वमतात निम्म्याहून अधिक मते, या पायऱ्या ओलांडल्या की त्या आराखड्याला वैधानिक वजन प्राप्त होते.

जून २०१५मध्ये हुजूर पक्षाच्या सरकारने याच अधिकाराला पवनऊर्जेची कडी जोडली. स्थानिक किंवा परिसर आराखड्यात जागा पवनऊर्जेसाठी योग्य म्हणून नोंदलेली असावी आणि प्रकल्पाला बाधित रहिवाशांचा पाठिंबा असावा, अशा दोन अटी घालण्यात आल्या. वरवर पाहता ही लोकशाहीच. परंतु ‘पाठिंबा’ कसा मोजायचा, हे स्पष्ट नव्हते. वाऱ्याचा वेग, आवाज, पक्षी, वीजजोडणी यांचा अभ्यास हौशी स्वयंसेवकांच्या आवाक्याबाहेरचा. शिवाय, प्रकल्पच समोर नसताना जागा राखून विरोध ओढवून कोण घेणार? परिणामी नव्या परवानग्या जवळजवळ आटल्या. लोकांना दिलेला अधिकार प्रत्यक्षात केवळ नकाराधिकार ठरला.

सप्टेंबर २०२३मध्ये या अटी काहीशा सैल झाल्या. सत्तेवर येताच मजूर पक्षाने ८ जुलै २०२४ रोजी त्या रद्द केल्या. पुढे १०० मेगावॉटहून मोठ्या प्रकल्पांचा निर्णय ३१ डिसेंबर २०२५पासून पुन्हा केंद्रीय मंत्र्यांकडे सोपविण्यात आला. लंबक दुसरीकडे झुकला खरा. पण स्थानिक संमतीचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

त्याचे एक उत्तर ब्रिस्टल शहरातील लॉरेन्स वेस्टन या वसाहतीने दिले. तेथील रहिवाशांच्या संस्थेने निर्बंधांच्या त्या काळातच परवानगी मिळविली आणि २०२३मध्ये नजीकच्या एव्हनमाउथ येथे १५० मीटर उंचीची, ४.२ मेगावॉटची पवनचक्की उभी केली. सुमारे साडेतीन हजार घरांना पुरेल एवढी वीज ती देते. उत्पन्न वसाहतीच्या कामांसाठी आहे. पवनचक्की ‘आपली’ झाल्यावर विरोधाचा सूरच बदलतो.

महाराष्ट्रात, साताऱ्याच्या वनकुसवडे पठारापासून धुळ्याच्या ब्राह्मणवेलपर्यंत, पवनचक्क्या उभ्या राहिल्या. मात्र २००६च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा प्रकल्प नाहीत. त्यामुळे त्या अधिसूचनेनुसार होणारी जनसुनावणीही त्यांना बंधनकारक नाही. इंग्लंडने गावाला हवे ते थांबविण्याची मुभा दिली. आपण गावाला आधी विचारण्याचीही सक्ती केली नाही. या दोन टोकांमधली वाट म्हणजे जागा ठरण्यापूर्वी सल्लामसलत, अभ्यासासाठी शासनाचे तांत्रिक साहाय्य आणि उत्पन्नात गावाचा ठरलेला वाटा. ती धरली नाही, तर वीज शहराला आणि कुरबुर गावाला, हीच वाटणी कायम राहील.