अलॉय व्हीलचा जुना रंग घरीच काढताय? रिमूव्हरचा डबा उघडण्याआधी बाहेरचे तापमान बघा

देवगाव फाटा (जि. परभणी) : सेकंडहँड गाडी घेतली की पहिली नजर चाकांवर जाते. रंग पोपडे धरलेला, कडा फुटपाथला घासलेल्या, ब्रेकची काळी धूळ बसलेली. मग मोबाईलवर व्हिडिओ सापडतो : रिमूव्हर लावा, दहा मिनिटे थांबा, रंग सापाच्या कातीसारखा निघतो. रंग निघतो हे खरेच. पण व्हिडिओ बनवणारा परभणी जिल्ह्यात, मे महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये बसलेला नसतो.

मी बसलो होतो. बाबांच्या जुन्या गाडीचे चाक घेऊन, दुपारी दोन वाजता. डब्याचे झाकण सैल केले तर आतून फस्सकन द्रव उडाला आणि पाच मिनिटांत डोके जड झाले. उन्हाचा त्रास समजून पाणी प्यायलो आणि पुन्हा कामाला बसलो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी केमिस्ट्री होती, पास झाल्यावर विसरलो. त्याची ही फळे.

डब्यात काय असते?

झटपट काम करणाऱ्या अनेक रिमूव्हरमध्ये डायक्लोरोमिथेन असते, यालाच मिथिलीन क्लोराईडही म्हणतात. ते सुमारे ४० अंश सेल्सिअसला उकळते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जाणे नवे नाही, म्हणजे उन्हात ठेवलेला डबा झाकणाखाली उकळायलाच लागलेला असतो. ही वाफ हवेपेक्षा जवळपास तिप्पट जड. ती वर जात नाही, जमिनीलगत साचते. आणि आपण चाक घासायला उकिडवे बसतो ते नेमके तिथेच. जास्त वाफ गेली तर माणूस बेशुद्ध पडू शकतो. शिवाय शरीरात तिचे कार्बन मोनॉक्साईड तयार होते, त्यामुळे हृदयविकार असणाऱ्याला धोका दुप्पट. वास येऊ लागेपर्यंत सुरक्षित मर्यादा बहुधा ओलांडलेली असते. साधा कापडी मास्क काहीही अडवत नाही. निळे नायट्राईल हातमोजेही काही मिनिटांत आरपार होतात.

युरोपीय संघाने हे रिमूव्हर सामान्य ग्राहकांना विकणे २०११-१२ मध्येच थांबवले. अमेरिकेने २०१९ मध्ये किरकोळ विक्रीवर बंदी घातली; बाथटबचा रंग काढताना बंद न्हाणीघरात कामगार दगावल्यानंतर. आपल्याकडे रंगातल्या शिशावर नियम आहे, २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा. पण तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांना लागू, गाडीच्या रंगाला नाही. म्हणून जुना रंग कोरडा घासून धूळ उडवणेही शहाणपणाचे नाही. माझे स्पष्ट मत आहे की, डायक्लोरोमिथेनचा रिमूव्हर काउंटरवरून सहज मिळता कामा नये. आणि विकायचाच असेल, तर डब्यावरचा इशारा मराठीत आणि वाचता येईल एवढ्या अक्षरांत हवा. तो बारीक इंग्रजीत छापून गॅरेजमधल्या पोराला काय कळणार?

कॉस्टिक आणि आग, दोन्ही नको

कोणी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात चाक बुडवायला सांगेल. लोखंडी चाकाला चालून जाते. अलॉय म्हणजे मुख्यतः ॲल्युमिनियम. कॉस्टिक ते खातो आणि हायड्रोजन वायू सोडतो. शेजारी कुणी बिडी पेटवली की काय होईल, हे सांगायला नको. रंग जाळायला गॅसची बत्ती वापरणेही तितकेच वाईट. चाकाची मजबुती कारखान्यात ठराविक तापमानाला दिलेल्या उष्णता प्रक्रियेतून येते. बत्तीने ती एका जागी कमी होते, आणि बाहेरून काही दिसत नाही. खड्ड्यात आदळल्यावर समजते.

मग करायचे काय?

आधी टायरवाल्याकडून टायर उतरवून घ्या आणि चाक आतून-बाहेरून धुऊन बघा. तडा किंवा वाकलेली कड असेल तर रंगाचा विचार सोडा, ते चाक बदलायचे आहे. धड असेल तर सगळा रंग सोलायचा हट्ट कशाला? जो रंग घट्ट बसला आहे तो प्रायमरखाली राहिला तरी चालतो. फक्त सुटलेला खरवडा, कडा वॉटर पेपरने पाणी मारत घासा : १२० पासून सुरुवात, मग २४०, शेवटी ४००. वेळ लागतो. मला एका चाकाला जवळपास पूर्ण रविवार लागला, आणि बोटे दोन दिवस दुखली. घासलेला गाळ नालीत सोडू नका, कापडाने टिपून वेगळा टाका.

धातू उघडा पडला की हवेने त्यावर ऑक्साईडचा थर लगेच चढतो, म्हणून ॲल्युमिनियमला चालणारा प्रायमर त्याच दिवशी मारा. नट जिथे बसतात ती खाच आणि हबला टेकणारी मागची सपाट बाजू मात्र टेपने झाका. तिथे रंगाचा थर राहिला तर तो दबतो आणि नट सैल होतात. चाक बसवल्यावर बॅलन्सिंग करून घ्या, आणि साधारण ८०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा. इथून जिंतूर, सेलूच्या दोन-तीन फेऱ्यांत तेवढे अंतर होऊन जाते.

माझी तीन चाके झाली आहेत. चौथ्याला कडेपाशी केसासारखी बारीक रेघ दिसली, ते भंगारात गेले.