ऐकल्यानंतर काय बदललं?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या माजरी परिसरात आता कोळसा मुख्यतः उघड्या खाणींतून निघतो. डंपर, पोकलेन आणि धूळ. पण भूमिगत खाणीत उमेदीची वर्षं घालवलेली माणसं अजून गावात आहेत आणि त्यांच्या बोलण्यात माइनिंग सरदाराची काठी हमखास येते. पाळीची माणसं कामाला लागण्याआधी सरदार छताला काठीने ठोकून बघायचा. दगड घट्ट असेल तर खणखणीत वाजतो. वरचा थर सुटला असेल तर आवाज पोकळ, बद्द येतो. तसा आला की सैल दगड पाडायचा किंवा खाली टेकू द्यायचा, आणि मगच माणसं तिथे जायची. उत्पादन किती मागे पडलंय, हे त्या वेळी विचारायचं नसतं. निदान नियम तरी तसा आहे.

नेतृत्वावरच्या व्याख्यानांत हल्ली ‘नेत्याने ऐकलं पाहिजे’ असं सांगतात. समोरच्याकडे बघावं, मान डोलवावी, मध्येच तोडू नये. ठीक आहे, पण हे झाले शिष्टाचार. पोकळ आवाज नीट ऐकूनही सरदाराने माणसं आत सोडली, तर त्याचा तीक्ष्ण कान काय चाटायचा?

शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. दवाखान्याला लोक का बिचकतात, हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. उत्तरं वैद्यकीय नव्हतीच. मोठ्या इमारतीत हरवल्यासारखं होतं, नातेवाइकांना बाहेर काढतात. आणि डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात. आमच्यात पांढऱ्यात मेलेल्याला गुंडाळतात, मग असे कपडे घालणारे जीव काय वाचवणार? एखाद्याने हे अंधश्रद्धेच्या खात्यात टाकून आरोग्यशिक्षणाचं शिबिर लावलं असतं. बंगांनी दवाखान्याचा आराखडाच बदलला. ‘सर्च’च्या शोधग्राम या परिसरात झोपड्यांचं गाव वाटावा असा दवाखाना उभा राहिला, रुग्णासोबत घरच्यांना राहायची सोय झाली, आणि लोकांच्या इच्छेनुसार नाव पडलं ‘मां दंतेश्वरी दवाखाना’.

संशोधनाचंही तेच. बंगांनी आधी सिकलसेलचा अभ्यास केला होता. शास्त्र म्हणून तो मोलाचा, पण लोकांना तो आपला प्रश्न वाटेना. एवढ्या मेहनतीनंतर हे पचवणं डॉक्टरला सोपं नसतं. पण दवाखान्याच्या आराखड्यासारखी संशोधनाची दिशाही त्यांनी बदलली.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने याच्याही पुढची सोय केली आहे. तिथे ऐकणं कुणाच्या स्वभावावर सोडलेलंच नाही. ग्रामसभेत बहुमत चालत नाही. निर्णय सर्वसहमतीनेच होतो. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. शिवाय चर्चेसाठी अभ्यासगट वेगळा. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे अभ्यासक त्यात बसत, माहिती देत, वाद घालत. निर्णय मात्र ग्रामसभेचा. गावाचा चेहरा म्हणून देवाजी तोफा यांचं नाव देशभर गेलं, पण सर्वांच्या वतीने परस्पर ‘हो’ म्हणून टाकायची मुभा या रीतीत त्यांनाही नाही. वेळखाऊ काम आहे, यात शंका नाही. पण याच गावाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यायला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना मेंढ्याला यावं लागलं.

आता आमच्याकडची जनसुनावणी बघा. नवी खाण किंवा खाणीचा विस्तार म्हटलं की २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे ती सहसा घ्यावी लागते. तीस दिवस आधी सूचना, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी, सगळ्याचं चित्रीकरण, शेवटी लोकांच्या भाषेत इतिवृत्ताचं वाचन. कागदावर ऐकण्याची याहून चांगली व्यवस्था सापडणार नाही. लोक बोलतातही मनापासून. कापसावर बसणारी धूळ, ब्लास्टिंगने तडकलेल्या भिंती, आटलेल्या विहिरी, जमीन गेली पण नोकरी लागली नाही. मंचावरचे साहेब शांतपणे ऐकतात, लिहून घेतात. आवाजही चढवत नाहीत.

पण त्याच अधिसूचनेत असंही म्हटलंय, की सुनावणी सुरू करायला गणपूर्तीची अट नाही. म्हणजे मंडपात कुणीच आलं नाही तरी सुनावणी झाली असं धरता येतं. मेंढ्यात एका माणसाच्या ‘नाही’ने विषय थांबतो, इथे सगळं गाव ‘नाही’ म्हणालं तरी ती ‘जनतेने उपस्थित केलेले मुद्दे’ या तक्त्यातली एक ओळ होते आणि समोर कंपनीचं उत्तर छापून येतं. बहुतेकदा ‘आवश्यक ती काळजी घेतली जाईल’ या धर्तीचं.

त्या तक्त्यात आणखी एक रकाना हवा: या मुद्द्यामुळे मूळ आराखड्यात काय बदललं? काहीच बदललं नसेल तर तसं लिहा, कारणासह, आणि खाली सही करा. पुढच्या सुनावणीला तोच तक्ता आधी वाचून दाखवा, मग माइक लोकांकडे द्या.