बंदिश कुणाची?

कोजागरीच्या रात्री मारुंजीत आमच्या सोसायटीच्या गच्चीवर एका मुलीने मारुबिहाग गायला. सुरेख गायली. निवेदकाने मात्र आधी सांगून टाकले, ‘आता ऐकू या एक पारंपरिक बंदिश.’ मी दुधाचा पेला खाली ठेवला. ती बंदिश डॉ. प्रभा अत्रे यांची होती!

१९३२ साली पुण्यात जन्मलेल्या प्रभाताईंनी विज्ञान आणि कायद्याच्या पदव्या घेतल्या. गाणे शिकल्या सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडे. गायकी किराण्याची, पण केवळ मिळालेल्या चिजांवर त्या थांबल्या नाहीत. मारुबिहागात, कलावतीत स्वतःच्या बंदिशी बांधल्या, ‘अपूर्व कल्याण’सारखे राग रचले आणि सरगमवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. ‘स्वरांगिनी’, ‘स्वररंजनी’ हे त्यांचे बंदिशींचे संग्रह छापलेले आहेत. म्हणजे पुरावा शोधायला कुठे जायला नको.

२०२२ मध्ये पद्मविभूषण मिळाले, जानेवारी २०२४ मध्ये त्या गेल्या, तेव्हाही आपण म्हणालो, ‘थोर गायिका’. होत्याच. पण ‘रचनाकार’ म्हणताना आपली जीभ का अडखळते? सदारंगांचे नाव घेताना नाही अडखळत! बाईने गावे आणि चीज मात्र कुणा बुवांची, खाँसाहेबांची असावी, हे आपण मनोमन धरूनच चालतो.

नंतर त्या मुलीला विचारले. तिने चिठ्ठीवर रचनाकाराचे नाव लिहून दिले होते. मग निवेदकाला गाठले. तो हसून म्हणाला, ‘काका, मला वाटलं ते गाणारणीच्या गुरूंचं नाव असेल.’