विश्लेषण : ओडिशाच्या बॉक्साइटमध्ये गुंतवणूक अडते कुठे?

देशातील सर्वाधिक बॉक्साइट ओडिशात आहे. साधारण चार टन बॉक्साइटपासून एक टन अ‍ॅल्युमिनियम मिळते. धातू वेगळा करायला सुमारे १४ हजार युनिट वीज लागते. म्हणून उद्योग खाण आणि कोळसा या दोन्हींचा हिशेब मांडतात. ग्रामसभेचा मात्र राहून जातो. लांजीगडला वेदांताचा अ‍ॅल्युमिना कारखाना आधी उभा राहिला, नियमगिरीतील खाणीला अंतिम मंजुरी नसतानाच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या आदेशानुसार १२ ग्रामसभा झाल्या. डोंगरिया कोंध आदिवासींसाठी हा डोंगर देव आहे; सर्व ग्रामसभांनी खाण नाकारली. कारखान्याला बॉक्साइट बाहेरून आणावे लागले. सरकारने नवे करार करण्यापूर्वीच गावांना विचारावे. नकार कळायचाच असेल, तर तो कारखाना उभारण्याआधी कळलेला बरा.