जांभूळ पुन्हा देठाला लागते तेव्हा

मित्रहो, गेल्या वर्षी आपल्या स्नेहसंमेलनात मी ‘जांभूळ आख्याना’तला द्रौपदीचा प्रसंग सादर केला होता. डोक्यावर पदर घेतला, मान वेळावली, कर्णाचे नाव घेताना डोळा मारला. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या आणि बक्षीसही मिळाले. ते बक्षीस मिळवताना मी द्रौपदीची थट्टा केली, हे आज या पानांवर मला कबूल करावयाचे आहे.

आख्यानाची गोष्ट थोडक्यात अशी. पाच पांडवांची पत्नी असलेल्या द्रौपदीचे मन कर्णाला पाहून क्षणभर चळते. कृष्णाला ते उमगते. पुढे वनात एक पिकलेले जांभूळ तोडले जाते आणि कळते, की तो एका ऋषीचा आहार आहे. आता शाप अटळ! प्रत्येकाने मनातले खरे सांगितले, तरच ते फळ वर चढून देठाला लागेल. पांडव बोलतात, फळ वर जाते. पण देठापाशी अडून राहते. उरते द्रौपदी. पाच पतींसमोर तिने काय सांगावे?

दिवाळीच्या सुट्टीत गावी असताना शाहीर विठ्ठल उमप यांच्या याच आख्यानाची चित्रफीत मी मोबाईलवर पाहिली. शेजारी आजी बसली होती. उमपांचा जन्म 1931 चा, मुंबईतल्या नायगावचा. भीमगीते आणि कोळीगीते गाणारा हा शाहीर रंगभूमीवरचा समर्थ नटही होता. 26 नोव्हेंबर 2010 रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावरच त्यांनी देह ठेवला. तेव्हा मी अगदी लहान होतो. मला लाभले ते चार बोटांच्या पडद्यावरचे उमप. पण तेवढ्यानेही माझे डोळे उघडले.

एक वयस्क पुरुष, वेश न बदलता, द्रौपदी होतो. तो हसवतोसुद्धा. पण कबुलीची जागा येते तेव्हा हसू मागे राहते. तिथे मला बाईची नक्कल दिसली नाही. दिसले ते एका माणसाचे भय, आणि भयापलीकडची सुटका. मी बाईचा आवाज काढला होता. उमपांनी बाईचे मन काढून दाखवले. नकलाकार आणि नट यांच्यातला फरक माझ्या लेखी एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

आमच्या वर्गातील एका मित्राचे म्हणणे असे, की असल्या कथांनी पतिव्रतेची विटंबना होते; व्यासांच्या महाभारतात हे कुठे आहे? नाही, हे खरे. पण स्वयंवरात द्रौपदी कर्णाला ‘सूतपुत्राला वरणार नाही’ असे म्हणते, हा सर्वांना पाठ असलेला प्रसंग तरी कुठे सर्व पोथ्यांत आहे? पुण्याच्या भांडारकर संस्थेने अनेक हस्तलिखिते ताडून जी चिकित्सक आवृत्ती 1966 मध्ये पूर्ण केली, तिच्या मूळ संहितेत त्या नकाराला स्थान नाही. तो मागाहून आलेला मानला गेला. म्हणजे कोणी एकाने कर्णाची जात काढणारी द्रौपदी रचली आणि गोंधळ्यांच्या परंपरेने त्याच्याकडे मन ओढले गेलेली द्रौपदी गायिली. पहिली आपण मुकाट्याने खरी मानली, दुसरीवर मात्र संतापलो! असे का, याचा विचार आपण करावयास नको काय?

चित्रफीत संपल्यावर मी आजीला विचारले, ‘‘आजी, द्रौपदीचं चुकलं का गं?’’ तिने हे आख्यान लहानपणी गोंधळात ऐकलेले. ती म्हणाली, ‘‘आरं, मन काय दाव्यानं बांधता येतंय व्हय? ती खरं बोलली, म्हून फळ जाग्याला गेलं. न्हाईतर समदीच मेली आसती.’’

आमच्या घरात कॉलेजचा उंबरठा ओलांडणारा मी पहिलाच. येथे आल्यावर आजीची गाणी मला गावंढळ वाटू लागली होती. म्हणूनच कदाचित ती मी हसण्यावारी नेली. परंतु पाप मनात येण्यात नसून ते लपवण्यात आहे, हा विचार निरक्षर आजीला कळतो आणि द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्याला कळत नाही, याला काय म्हणावे?

यंदाच्या संमेलनात हाच प्रसंग पुन्हा करण्याची परवानगी मी मागितली आहे. उमपांची सर मला येणे नाही. पण या वेळी डोळा मारणार नाही. आपणही, मित्रहो, जांभूळ देठाला लागेपर्यंत शिट्टी आवरून धरा, एवढीच विनंती.

— एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष कला