बाटली आणा, काडी आणू नका

गोडी छाटणी तोंडावर आली आहे, लिहायला वेळ नाही. तरी लिहितो, कारण परदेश दौऱ्यांचा हंगामही सुरू झालाय.

आपले द्राक्ष बागायतदार इटली, स्पेन, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया बघून येतात. चांगलंच आहे, जावंच. पण परत येताना बॅगेत वाइनच्या दोन बाटल्या निघाल्या की गावात कुजबुज सुरू : "शेती शिकायला गेला अन् दारू घेऊन आला." त्याच बॅगेत बनियनच्या घडीत, ओल्या कागदात गुंडाळलेल्या चार काड्या निघाल्या, तर तेच लोक म्हणतात, "पठ्ठ्या हुशार निघाला!" माझं भांडण या शाबासकीशी आहे.

आधी बाटलीचं बघू. परदेशातून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत वाइन किंवा दारू ड्युटी न भरता आणता येते. म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या आरामात. त्यापेक्षा जास्त असेल तर कस्टमला सांगायचं आणि ड्युटी भरायची. हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वरचं द्रव चालत नाही, म्हणून बाटली कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाकायची. विमानतळावरच्या ड्युटी फ्री दुकानातली असेल तर सीलबंद पिशवी घरी पोचेपर्यंत फोडायची नाही. झालं. वाइनमध्ये द्राक्ष चिरडलेलं, आंबवलेलं, गाळलेलं असतं. तिच्यातून तुमच्या बागेत रोग यायचा नाही.

काडी मात्र जिवंत असते. तिच्यावर, तिच्यात जे काही आहे तेही जिवंतच येतं.

फ्रान्सचं उदाहरण घ्या. १८६० च्या दशकात अमेरिकेतून हौसेनं आणलेल्या वेलींबरोबर फायलोक्झेरा ही मुळं खाणारी कीड तिथं पोचली. शिडाच्या जहाजांना इतके दिवस लागायचे, की कीड वाटेतच मरायची. वाफेची जहाजं आली, प्रवास आटोपशीर झाला आणि कीड जिवंत उतरली, असं त्याचं कारण सांगतात. १८७५ साली फ्रान्समध्ये सुमारे ८४५ कोटी लिटर वाइन झाली होती. १८८९ साली ती २३४ कोटी लिटरवर आली. शेवटी अमेरिकन खुंटावर कलम करून बागा पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. आता विचार करा, तेव्हा जहाज होतं, आज विमान आहे. सकाळी कापलेली काडी दुसऱ्या दिवशी पिंपळगावात.

आणि हे फक्त फ्रान्सचं दुखणं नाही बरं का. भुरी आणि डाऊनी, ज्यांच्यापायी आपण रात्री-अपरात्री ब्लोअर घेऊन बागेत फिरतो, ते दोन्ही रोग मूळचे अमेरिकेतलेच. खुंटासाठी आणलेल्या वेलींबरोबरच डाऊनी युरोपात शिरला, १८७८ च्या सुमारास. त्यावर १८८५ साली मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण निघालं. कुणीतरी कधीतरी आणलेल्या काडीचं बिल आपण आजही दुकानदाराकडे भरतोय.

कुणी म्हणेल, आपल्याकडे डॉगरिज खुंट आहे, काय होतंय? अहो, डॉगरिज आपण लावलं ते क्षारांसाठी आणि पाण्याच्या ताणासाठी. पानं गुंडाळणारा लीफरोल विषाणू काडीच्या आतच असतो. एका काडीचे डोळे दहा जणांना वाटले, की दहा बागांत गेला. त्याला फवारा नाही. वेल उपटणं हाच उपाय.

दुसरा मुद्दा खरा आहे, तो टाळणार नाही. नवीन वाण सरळ मार्गानं मिळवणं लहान शेतकऱ्याला जड जातं. आयात परवाना, रोगमुक्तीचा दाखला, आल्यावर विलगीकरण, वर वाणाच्या मालकाची रॉयल्टी. यात वर्षं जातात आणि बाजार थांबत नाही. हा राग माझाही आहे. पण त्याचा उपाय बनियनच्या घडीत नाही. मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तिथं विलगीकरणाची सोय वाढवा, चांगले वाण लवकर तपासून परवडणाऱ्या भावात द्या, ही मागणी आपण एकत्र रेटली पाहिजे. आणि तास-ए-गणेश विसरू नका. तो कुणाच्या बॅगेतून आला नाही. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसनमधून निवडून काढला. सोनाका नान्नजच्या नानासाहेब काळे यांचा. दोघं आपल्यासारखेच शेतकरी. नजर होती, ती स्वतःच्या बागेत लावली.

दक्षिण ऑस्ट्रेलियानं १८९९ साली फायलोक्झेराविरुद्ध कायदाच केला. शेजारच्या व्हिक्टोरियात कीड असताना यांनी आपल्या बागा राखल्या. बाहेरून येणाऱ्या माणसाचे बूटसुद्धा धुवून घेतात. त्यांच्या बागेत पाय ठेवताना आपण निमूट बूट धुतो आणि येताना त्यांचीच काडी लपवून आणतो. याला हुशारी म्हणायचं?

तेव्हा दौऱ्यावर निघालेल्या मंडळींना एवढंच सांगणं. बागेत घातलेले बूट तिथंच नीट धुवा, मातीचा कण घरी आणू नका. काडी कुणी प्रेमानं दिली तरी हात जोडा. वाइन आवडत असेल तर दोन बाटल्या खुशाल आणा. आणि शेजाऱ्यानं "एक डोळा दे ना" म्हटलं, तर त्याच्यासमोर पेला ठेवा.