शांतिपाठ आणि कुंपण

अमेरिकेच्या आयोवा राज्यात, मक्याच्या अफाट शेतांच्या मधोमध, 'महर्षी वेदिक सिटी' नावाचे एक चिमुकले नगर आहे. महर्षी महेश योगी यांच्या भावातीत ध्यानाच्या चळवळीने ते वसविले आणि २००१ साली त्याला नगराचा कायदेशीर दर्जा मिळाला. जवळच्या फेअरफिल्ड गावी या चळवळीचे विद्यापीठ आहे. २००६ पासून चळवळीने भारतातून तरुण वैदिक पंडितांचे जथे येथे नेण्यास प्रारंभ केला आणि एके काळी त्यांची संख्या हजाराच्या घरात गेली. जगाला शांती लाभावी म्हणून पाठ करावयास नेलेल्या या तरुणांच्या वाट्याला स्वतःला काय आले, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

या योजनेमागचा हिशेब असा की, लोकसंख्येच्या एक शतांशाच्या वर्गमुळाइतक्या लोकांनी एकत्र बसून ध्यानसाधना केली तर साऱ्या राष्ट्रात शांतता नांदते. तीस कोटींच्या अमेरिकेला सुमारे १,७३० माणसे पुरे! हे गणित खरे की खोटे, या वादात आम्ही शिरत नाही. ज्याची श्रद्धा त्याच्यापाशी. परंतु या गणितात माणूस हा केवळ आकडा झाला की काय, ही शंका मात्र मनाला टोचल्याविना राहत नाही.

२०१४ च्या जानेवारीत शिकागोहून निघणाऱ्या एका भारतीय वृत्तपत्राने वृत्त दिले की, वर्षभरात १६३ पंडित ही वसाहत सोडून नाहीसे झाले. त्यानंतर जी माहिती उजेडात आली ती विचार करावयास लावणारी होती. उत्तर हिंदुस्थानच्या खेड्यांतील ही मुले चळवळीच्याच पाठशाळांत शिकलेली. तेथे त्यांचा निवास कुंपणाने वेढलेल्या आवारात, कारखान्यात बनवून आणलेल्या तयार घरांत. आयोवातील हिवाळा गोठणबिंदूच्या कितीतरी खाली उतरणारा. मानधन महिन्याला २०० डॉलर. त्यांतले ५० हाती पडत आणि १५० गावी कुटुंबाकडे जात. अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने तासाचे किमान वेतन सव्वासात डॉलर आहे. म्हणजे हाती पडणारी महिन्याची रक्कम तेथील हमालाच्या एका दिवसाच्या मजुरीएवढीही नव्हती!

चळवळीची बाजूही ऐकली पाहिजे. पंडित स्वेच्छेने येतात, त्यांचे अन्न, निवारा, औषधपाणी संस्था पाहते, ही नोकरी नसून धर्मकार्य आहे, असे तिचे म्हणणे. ते सर्वस्वी टाकाऊ नाही. तेव्हाच्या भावाने महिन्याला नऊ हजार रुपये घरी पोहोचणे, ही गरीब ब्राह्मणाच्या घरी लहान गोष्ट नव्हे. आणि दक्षिणेची घासाघीस न करता पाठाला बसणारा वैदिक आपल्या परंपरेत आदरालाच पात्र ठरला आहे.

परंतु अपरिग्रह हे व्रत आहे, आणि व्रत ज्याचे त्याने घ्यावयाचे असते. दुसऱ्याने ते लादले की त्याचे नाव बदलते. स्वेच्छेची खरी कसोटी येण्यात नसून जाण्यात असते. या पंडितांना मिळणारा धर्मसेवकांसाठीचा परवाना ज्या संस्थेने बोलावले तिच्याशीच बांधलेला असतो. संस्था सोडली की पाय ठेवायला कायदेशीर जमीन उरत नाही. जो बाहेर पडला तो फरारी ठरला, जो राहिला त्याच्यापुढे कुंपण. अशा कोंडीतले मौन म्हणजे समाधान, असे कोणी समजू नये. त्याच वर्षी ११ मार्चला एका पंडिताला भारतात परत धाडण्यासाठी स्थानिक शेरीफ आले, तेव्हा साठ-सत्तर पंडितांनी त्यांच्या मोटारीला घेरून दगडफेक केली. शांतिपाठ करणाऱ्या हातांत दगड यावेत, यापरते दुर्दैव कोणते?

आणि आपण काय केले? त्याच्याच थोडे आधी, २०१३ च्या डिसेंबरात, न्यूयॉर्कमधील आपल्या उपवाणिज्यदूत बाईंना घरकामाच्या बाईला कमी वेतन दिल्याच्या आरोपावरून अटक झाली, तेव्हा संसद खवळली आणि दिल्लीतील अमेरिकन वकिलातीसमोरचे सुरक्षेचे अडसरही हटविले गेले. राष्ट्राचा अपमान झाला, असे आपण म्हटले. दीडशेहून अधिक भारतीय मुलगे परक्या मुलखात बेपत्ता झाले, तेव्हा राष्ट्राचा मान कोठे होता?

परदेशगमन गोमंतकीयांना नवे नाही. बोटीवर चढणारा आपला तारवटी पगार किती, करार किती महिन्यांचा, परतीचे भाडे कोणाचे, हे विचारून घेतो. तो विचारतो म्हणून कोणी त्याला लोभी म्हणत नाही. आखाती देशांत जाणाऱ्या अल्पशिक्षित मजुरासाठी १९८३ चा देशांतर अधिनियम काही तरी आडोसा उभा करतो, पण परवानगीची अट असलेल्या देशांच्या यादीत अमेरिका नाही. भटजींनी मात्र काही विचारू नये, कारण ते धर्मकार्याला निघाले आहेत! 'आधी पोटोबा, मग विठोबा' म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांना हा न्याय पटला नसता.

आमचे मागणे मोठे नाही. पुरोहित म्हणून परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती त्याच्या भाषेत लिहिलेला करार असावा, पासपोर्ट त्याच्याच खिशात असावा, वकिलातीकडे त्याची नोंद असावी, आणि मन उडाले तर घरी परतण्याचे तिकीट संस्थेने आधीच राखून ठेवावे. ज्या संस्थेचा हेतू शुद्ध आहे तिला यांतले काहीही जड जाऊ नये.

जाता जाता एक प्रश्न स्वतःलाही विचारू या. आपल्या देवस्थानांत बाहेरगावाहून आणलेला पुजारी कोणत्या खोलीत राहतो, त्याला महिन्याकाठी काय मिळते, तो आजारी पडला तर कोण पाहतो? आयोवाच्या कुंपणाकडे बोट दाखविण्यापूर्वी महाजनांनी आपल्या अग्रशाळेचे दार एकदा उघडून पाहावे. देवापुढे समई तेवत ठेवणाऱ्याच्या चुलीकडे जो समाज पाहत नाही, त्याच्या शांतिपाठाला अर्थ कसला?